आबाजींची बंदूक आणि अकरा काडतुसं

परवा रात्री जेवणं आटोपून अंगणात बाज टाकून पडलो होतो, तेवढ्यात मोबाइल वाजला. धाकट्या चुलतभावाने अमेरिकेतून फोटो पाठवला होता. टेबलावर एक नवीकोरी रायफल, शेजारी कॉफीचा मग आणि खाली एक ओळ: "दादा, ओळख पाहू, ही कोणासारखी दिसते?"

ओळखायला वेळ लागला नाही. चापाखालची ती लोखंडी कडी पाहिली आणि मी उठूनच बसलो. आमच्या घरात पन्नासहून जास्त वर्षं खुंटीला टांगलेली होती तिचीच ही धाकटी बहीण. आबाजींची विंचेस्टर.

दवनीवाड्यात आमच्या पिढीच्या लोकांना ती आठवत असेल. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. साधारण रायफलीला बाजूला दांडी असते. ती उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, मग दुसरं काडतूस नळीत जातं. हिला दांडी नाही. चापाभोवतीची कडी हाताच्या बोटांनी खाली ढकलायची आणि परत वर ओढायची, बस्स. रिकामं टरफल वरून उडतं आणि नवीन काडतूस आत बसतं. बंदूक खांद्यावरून उतरवावी लागत नाही. काडतुसं असतात नळीच्या खालच्या दुसऱ्या नळीत, एकामागे एक, बैलगाड्यांच्या रांगेसारखी. म्हणूनच हिच्या गोळीला टोक नसतं. टोकदार गोळी असली तर धक्क्यासरशी ती पुढच्या काडतुसाच्या बुडाला टोचायची आणि बार आतच उडायचा. गोळी बोथट का, हे आबाजींनी मला सांगितलं तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. मला ते इतकं पटलं होतं की शाळेत चार दिवस तेच सांगत फिरत होतो.

ही बंदूक आमच्याकडे आली १९५३ साली. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. तेव्हा आपला भाग मध्य प्रदेशात होता, भंडारा जिल्हा. गोंदिया वेगळा झाला तो १९९९ मध्ये, पण तेव्हाही गोंदियाला जाणं म्हणजे शहरात जाणं. मालगुजारी गेल्यावर वाड्यांमधून बऱ्याच वस्तू बाहेर निघाल्या: पितळेची भांडी, घोड्याचं खोगीर, भिंतीवरची घड्याळं आणि बंदुका. आबाजींनी दोनशे रुपये आणि वर एक खंडी धान देऊन ही विंचेस्टर घेतली. आमची आजी म्हणे तीन दिवस बोलली नाही, रुपयांचं नव्हे, धानाचं दुःख होतं.

चुलतभावाने मागच्या वर्षी तिच्यावरचा नंबर मागून घेतला होता. तो शोधून म्हणाला की ही १८९२ च्या नमुन्याची, जॉन ब्राउनिंग नावाच्या कारागिराने आखलेली, आणि बनली १९१० च्या आसपास, कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी. काडतूस ४४-४०. म्हणजे ४४ ची गोळी आणि मूळच्या हिशेबाने ४० ग्रेन काळी दारू. हे काडतूस तर आणखी जुनं, १८७३ चं. शंभर पावलांच्या आत चितळ-डुकराला पुरे. वाघाच्या वाटेला जाऊ नये. आबाजी गेलेही नाहीत. "वाघ मारायची बंदूकबी वेगळी असते अन् माणूसबी," असं म्हणायचे.

१९७० मध्ये नागझिऱ्याचं अभयारण्य झालं, १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला. आबाजींची शिकार सुटली. कायद्याला त्यांनी कधी शिव्या दिल्याचं मला आठवत नाही. बंदूक मात्र दर दिवाळीला उतरवून तेल लावून पुसायचे. १९७९ मध्ये ते गेले तेव्हा लायसन बाबांच्या नावावर झालं आणि कापडी पिशवीत मोजून अकरा काडतुसं निघाली.

त्या अकरा काडतुसांचीच ही गोष्ट आहे खरं तर. बंदुकीची नाही.

कारण बाराव्याचा प्रश्नच नव्हता! आपल्याकडे बारा बोरची काडतुसं मिळतात, पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात बनतात, 'शक्तिमान' नावाची. ३१५ बोरची मिळतात. ४४-४० आपल्या देशात कोणी बनवत नाही. बाहेरून येणं आधीच आटलं होतं, १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदुका सामान्य माणसाने आयात करणंही बंद झालं. त्याचा परिणाम असा की ज्या जुन्या विलायती बंदुका देशात होत्या, त्याच या हातातून त्या हातात फिरत राहिल्या आणि त्यांच्या किमती चढत गेल्या. साठ वर्षांची जुनी बंदूक नव्या देशी बंदुकीच्या कितीतरी पट भावाने विकली जाते हे दुसऱ्या कुठल्या वस्तूत पाहायला मिळेल? पण अट एकच, काडतूस मिळालं पाहिजे. काडतूस नाही तर ती मुसळ.

देशी म्हणजे कोणती? लायसनवाल्याला रायफल हवी असेल तर मुख्यतः बंगालमधल्या ईशापूरची ३१५. ही ३१५ सुद्धा मजेशीर आहे. आतलं यंत्र जवळपास सगळं लष्कराच्या जुन्या ३०३ चं. पण ३०३ ही फौजेची गोळी, ती लोकांच्या हाती पडू नये म्हणून नळी वेगळ्या मापाची. बंदूक तीच, पोटाला लागणारा घास वेगळा. इंग्रज गेले, तो हिशेब राहिला. कडीची रायफल आपल्या सरकारी कारखान्यांच्या मालात मी तरी कधी पाहिली नाही.

आता भावाकडचं ऐका. तो विस्कॉन्सिनमध्ये राहतो, थंडी म्हणजे काय हे तिथे गेल्यावर कळलं म्हणतो. नोव्हेंबरच्या शेवटी तिथे नऊ दिवसांचा हरणांचा हंगाम असतो. ऑफिसं ओस पडतात, आपल्याकडे रोवण्याच्या दिवसांत शाळा ओस पडायच्या तशा. सगळे भडक नारंगी कपडे घालून जंगलात. हरणं तिथे इतकी झाली आहेत की मक्याची शेती खातात, गाड्यांवर आदळतात, त्यामुळे सरकारच परवाने विकून ती कमी करवतं. ऑफिसातल्या मित्राबरोबर हाही गेला आणि परत येताना रायफल घेऊन आला. दुकानात एक फॉर्म भरला, दुकानदाराने फोन-कॉम्प्युटरवर चौकशी केली, झालं.

"किती वेळ लागला?" मी विचारलं.

"कॉफी थंड व्हायच्या आत झालं दादा."

किंमत बाराशे डॉलरच्या आसपास. म्हणजे आपले लाखभर रुपये. वीसेक वर्षांपूर्वी अशीच रायफल पाचशेच्या आत मिळायची म्हणे. मग तो दर्जाबद्दल बोलत राहिला आणि मला त्यात फार गोडी वाटली. विंचेस्टरने १९६४ मध्ये खर्च वाचवायला घडीव भागांऐवजी स्वस्तात बनणारे भाग लावायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांनी ते इतकं मनावर घेतलं की आजही जुन्या बाजारात '६४ च्या आधीची' म्हटलं की भाव वेगळा. न्यू हेवनचा तो कारखाना २००६ मध्ये बंदच झाला. आता विंचेस्टर नावाची कडीची रायफल जपानमध्ये बनते, आणि चांगली बनते! दुसरी कंपनी मार्लिन. ती २००७ मध्ये रेमिंग्टनने घेतली, पुढे कारखाना दुसऱ्या राज्यात हलवला. यंत्रं जुनी, कागदावरची मापं आणि प्रत्यक्षातली मापं वेगळी. ते अंतर वर्षानुवर्षं हाताने भरून काढणारे कामगार मागेच राहिले. मग वाकड्या माश्या, लाकूड आणि लोखंडात फटी, अडकणाऱ्या कड्या. रेमिंग्टनचं २०२० मध्ये दिवाळं निघाल्यावर रुगर कंपनीने मार्लिन घेतली आणि पुन्हा नीट बसवली. भावाने तीच घेतली आहे.

गोंदियात राइस मिल पाहिलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. मिल हलवता येते, पण कोणत्या पट्ट्याला किती ताण द्यायचा हे फक्त एका म्हाताऱ्या फिटरला ठाऊक असतं. तो आला नाही की तांदळाची कणीच जास्त पडते!

शेवटी भाऊ म्हणाला, "दादा, मोठे बाबांच्या बंदुकीची काडतुसं इथे दुकानात मिळतात. जुन्या काळचा वेष करून नेमबाजी खेळणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी बनवतात. डबाच्या डबा."

मी हसलो. पण झोप लागली नाही.

ही पुढची गोष्ट मी आजवर कुठे लिहिलेली नाही. ताई, तू वाचशील तेव्हा रागावू नकोस. आईला विचारून लिहितो आहे.

मी सातवीत होतो. त्या वर्षी धान निसवायच्या वेळेला पावसाने दडी मारली. बांध्यांना भेगा पडल्या. सोसायटीचं कर्ज होतं, त्यावर घरातल्या लग्नाचं कर्ज होतं. बाबा मुळातच कमी बोलणारे, त्या दिवसांत बोलणंच बंद झालं. एका रात्री मी पाणी प्यायला उठलो. ओसरीत कंदील होता. बाबा भिंतीला टेकून बसले होते आणि बंदूक मांडीवर होती. पुसत नव्हते. नुसते बसले होते. दारात आई उभी. मला पाहून तिने हाताने 'जा' अशी खूण केली. मी गेलो आणि गोधडीत शिरून कान लावून पडलो. थोड्या वेळाने कोठीचं झाकण सरकल्याचा आवाज आला. धानाच्या कोठीचं.

सकाळी बंदूक खुंटीला होती. खुंटीखालची काडतुसांची पिशवी नव्हती.

त्याबद्दल घरात कोणी एक शब्द बोललं नाही. पण त्या दिवसापासून काडतुसं आईच्या ताब्यात गेली ती शेवटपर्यंत. पुढे रानडुकरं वाढली. जागलीला गेलेल्यांना त्यांनी बांध्यांतून पळवून लावायला सुरुवात केली, तेव्हा बाबा कधीतरी हवेत एक बार काढायचे. त्यासाठी आईकडे मागावं लागायचं. "एक दे." आई कोठीत हात घालून एकच काढून द्यायची आणि बाबा परत येईपर्यंत दारात बसून राहायची. आल्यावर रिकामं टरफल मागून घ्यायची. कायद्याचं पुस्तक तिने कधी वाचलं नाही. कागदावर लायसन कलेक्टर साहेबांचं होतं, पण खरं लायसन माझ्या मते आई देत होती, एका वेळी एका बाराचं.

अशी सहा गेली. दोन फुसकी निघाली, जुनी झाली होती, ती बाबांनी वैनगंगेत टाकली. उरली तीन.

२०२३ च्या पावसाळ्यात बाबा गेले. लायसनवाला गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही, लगेच जमा करावी लागते. मी ठाण्यात नेऊन दिली. पावती मिळाली: रायफल एक, काडतुसं तीन. बाबा असताना दर निवडणुकीला असंच जमा करून आणायचो, त्यामुळे हात पोत्यात गुंडाळायला सरावले होते. फरक एवढाच की या वेळी मत मोजून झाल्यावर परत आणायची नव्हती. २०२४ च्या एप्रिलमध्ये लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा पहिल्यांदा निवडणूक आली आणि आमच्या घरातून काही उचलावं लागलं नाही.

आता प्रश्न, पुढे काय? वाटा तीन. वारस म्हणून माझ्या नावे लायसन मागायचं. लायसन असलेल्या कोणाला किंवा दुकानदाराला विकायची. किंवा सरकारजमा करायची. पहिल्या वाटेसाठी बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते, पोलीस चौकशी, डॉक्टरचा दाखला, फेऱ्या. एका कार्यालयात माझी फाइल 'सापडत नव्हती', ती आठ महिन्यांनी त्याच टेबलाच्या दुसऱ्या कप्प्यात सापडली. असो.

विकायची चौकशीही केली. एका दुकानदाराने फोटो बघून मान हलवली. "काडतूस नाही भाऊ. शोभेला घ्यायची तर लायसनचा एक खण भरतो." २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारसाहक्काची धरूनसुद्धा. मग मुसळासाठी एक जागा कोण अडवणार? त्याने सांगितलेला आकडा ऐकून मला आजीची खंडीभर धानाची आठवण आली. तीच बंदूक भावाच्या गावी जुनी वस्तू म्हणून दोन हजार डॉलरला सहज जाईल म्हणतो. एकच लोखंड, एकच लाकूड. किंमत वस्तूत नसतेच बहुतेक, ती भोवतालच्या कायद्यात आणि काडतुसात असते.

खरं सांगतो, मी पहिल्या वाटेकडे झुकलो होतो. कारण डुकरं. शहरातल्या वाचकांना हे थोडं गंमतीचं वाटेल, पण एका रात्रीत कळप अर्ध्या एकराचं धान लोळवून जातो. नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. २०१५ पासून वनखात्याकडे अर्ज करून डुक्कर मारायची परवानगीही मिळू शकते. पण मारायचं कशाने? परवानगी कागदावर आहे आणि गावात लायसनची बंदूक बोटांवर मोजण्याइतकीही नाही. मग लोक काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. धुऱ्यावरून उघडी तार ओढतात आणि घरच्या लाइनचा करंट सोडतात. सौर कुंपणाची गोष्ट वेगळी. त्याचा झटका क्षणाचा असतो, जनावर दचकून मागे फिरतं. लाइनचा करंट धरून ठेवतो. त्याला डुक्कर, वाघ, बैल आणि माणूस यांतला फरक कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीचा एक माणूस असाच गेला. पहाटे पाणी पाहायला निघाला होता. तार त्याच्या शेजाऱ्याची. दोन्ही घरं आजही समोरासमोर आहेत. नाव लिहीत नाही.

त्यामुळे कोणी म्हटलं की आपल्याकडे बंदुका मिळत नाहीत हेच बरं, तर मी लगेच मान डोलावत नाही. बंदूक न मिळाल्याने मारायचं थांबत नाही, ते आंधळं होतं. पण भावासारखी कॉफी थंड व्हायच्या आत मिळावी असंही मला वाटत नाही. त्या कंदिलाच्या रात्री आमच्या घरात काडतुसांचा डबाच्या डबा असता तर आई किती लपवणार होती? ती एक कोठी होती, त्यात अकरा काडतुसं होती, म्हणून बुडाली.

मागच्या महिन्यात ताई आली होती. ना-हरकतीचा कागद मी तिच्यापुढे ठेवला. तिने सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "सही देऊन टाकली. पण तुझ्या घरात कोठी कुठे आहे आता?"

मी काही बोललो नाही. कोठी खरंच नाही. धान बांधीतूनच पोत्यांत भरून जातं. आणि मला तेव्हाच कळलं की ताईलाही ती रात्र ठाऊक आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी एकटाच जागा होतो.

सोमवारी जाऊन अर्ज बदलून दिला. सरकारजमा. डुकरांसाठी आम्ही चौघे शेजारी मिळून सौर कुंपणाचं पाहतो आहोत, अनुदानाचे कागद केले आहेत. जमेल की नाही ते पुढच्या हंगामात कळेल. भावाला सांगितलं तेव्हा तो थोडा हिरमुसला. म्हणाला, "दादा, आबाजींची आठवण होती." मी म्हटलं, आठवण इथेच आहे, पावती तेवढी ठाण्याची आहे. मग त्याला विचारलं, तुझी रायफल कुठे ठेवतोस? लोखंडी कपाटात, म्हणाला. आणि काडतुसं? तीही त्यातच.

"किल्ली सुनबाईकडे दे," मी सांगितलं. "आणि मागितलं की एकच द्यायचं, असं तिला सांग."

तो हसला. का ते त्याला माहीत नव्हतं. आता हे वाचून कळेल.

आईला सगळं सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं." थोड्या वेळाने म्हणाली, "त्या खुंटीला आता छत्री अडकव. पावसाळ्यात शोधाशोध होते."

अडकवली आहे.